बटाट्याला रात्र लागते : खानदेशातल्या परसात आलू कधी आणि कोणते लावावेत

पोळा झाला आणि मी अमळनेरच्या आमच्या परसात पहिल्यांदा आलू लावले. टोपलीत मोड आलेले सात-आठ बटाटे होते, तेच मातीत घातले. पावसाळी ऊब होती, झाडं भराभर वर आली, दसऱ्यापर्यंत गुडघ्याला लागली. शेजारच्या आक्का कुंपणावरून बघायच्या आणि विचारायच्या, "पाला त मस्त शे, आलू कोठे शेतस?" दिवाळीच्या तोंडावर एक झाड अलगद उकरलं. खाली सुतळीएवढ्या जाड पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता होता. काही दोऱ्या जमिनीबाहेर डोकावल्या होत्या आणि त्यांना चक्क पानं फुटली होती. एखाद-दुसऱ्या दोरीच्या टोकाला बोराएवढा गोळा. आठही झाडांचं मिळून एका माणसाची भाजी झाली नसती.

खत कमी पडलं असेल, असं घरात सगळ्यांना वाटलं. खत तर जास्तच झालं होतं. चुकली होती ती वेळ. आणि वेळ का चुकली, हे त्या पांढऱ्या दोऱ्यांकडे नीट बघितल्यावर कळतं.

बटाटा जमिनीत येतो म्हणून आपण त्याला मूळ समजतो. गाजर, मुळा, रताळं ही मुळं. बटाटा मात्र खोड आहे. उसाच्या कांडीवर डोळा असतो तसेच बटाट्यावर डोळे असतात, आणि उसासारखाच त्या डोळ्यातून नवा कोंब फुटतो. झाडाच्या बुडाशी, मातीखाली, आडव्या फांद्या सुटतात. त्याच त्या पांढऱ्या दोऱ्या. पानं दिवसा उन्हात साखर तयार करतात, ती या फांद्यांतून खाली उतरते. मग एक वेळ अशी येते की फांदीचं टोक लांबायचं थांबतं आणि फुगायला लागतं. साखरेचा स्टार्च होऊन तिथे साठत जातो. फुगलेलं ते टोक म्हणजे आपला आलू.

ती वेळ कधी यायची, हे मुख्यतः रात्र ठरवते. रात्र मोठी होत गेली आणि थंड पडली की झाड पाला वाढवणं आवरतं घेतं आणि साठवणीला लागतं. माती १८-२० अंशांच्या आसपास असली की बटाटा उत्तम धरतो. तापमान चढत जाईल तसा जोर कमी होतो, आणि ३० अंशांच्या घरात गेलं की टोक फुगणं जवळजवळ थांबतं. शिवाय उबदार रात्री झाडाचा श्वासोच्छ्वास वाढतो, दिवसा केलेली कमाई रात्रीच खर्ची पडते, खाली पाठवायला काही उरत नाही. अशा वेळी त्या पांढऱ्या फांद्या फुगण्याऐवजी वर येऊन पालवतात. माझ्या परसात नेमकं तेच झालं होतं. त्यात मी युरिया ओतला होता, आणि जास्त नत्र मिळालं की झाड पाल्यातच रमतं, बटाटा धरायला आणखी उशीर करतं.

हा स्वभाव त्याच्या माहेरचा आहे. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवर टिटिकाका सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर. त्या परिसरात माणसाने हजारो वर्षांपूर्वी त्याची लागवड सुरू केली. तिथे दुपारी ऊन असतं आणि रात्री कडाका. पोर्तुगीजांबरोबर हे पीक आपल्या किनाऱ्याला आलं आणि 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. आपल्याकडे खानदेशात मात्र घरोघर आलूच म्हणतात.

आपल्या थंड रात्री किती?

मोबाइलवर मंचर-खेडकडचे व्हिडिओ बघून बरेच जण जून-जुलैत आलू लावतात. पुणे-सातारा पट्ट्यात खरिपाचा बटाटा खरोखर होतो. ते पठार सहा-सातशे मीटर उंचीवर आहे, पावसाळ्यात तिथली हवा चांगली गार असते. जळगाव तापीच्या खोऱ्यात, दोनशे मीटरच्या आसपास. आपल्या पावसाळी रात्री २२-२४ अंशांच्या. तेच बियाणं, तीच मेहनत, पण इथे पाला आणि तिथे पीक.

आपल्याकडे ऑक्टोबर संपता संपता रात्रीचा पारा २० च्या खाली उतरायला लागतो. डिसेंबर-जानेवारीत तो १०-१२ पर्यंत येतो, धुळ्यात थंडीची लाट आली की त्याहूनही बराच खाली. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दुपारी ऊन चटका द्यायला लागतं आणि मार्चात तर पारा पस्तिशीच्या पुढे. म्हणजे बटाट्याचा आपला हंगाम दिवाळी ते महाशिवरात्र. अश्विनातल्या अमावस्येपासून माघातल्या शिवरात्रीपर्यंत चार चांद्रमासांना एखादा दिवस कमी, ११७ दिवसांच्या आसपास. त्यातले पहिले दहा-पंधरा दिवस उगवणीत जातात, शेवटचे दहा-बारा पाला कापून साल पक्की करण्यात. मधे उरतात नव्वद-पंचाण्णव रात्री. कोणता वाण लावायचा, याचं उत्तर या आकड्यात आहे.

दिवाळी मागेपुढे होते, म्हणून कॅलेंडरसोबत पाराही बघावा. लागोपाठ चार-पाच रात्री किमान तापमान २० च्या खाली गेलं की लावणी करावी. ऑक्टोबर हीटमध्ये घाई केली तर बियाणं मातीतच सडतं. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा उलटला की उशीर झाला म्हणावा; शेवटचे बटाटे भरायच्या वेळेला ऊन येऊन गाठतं. तोरणमाळ, धडगावच्या डोंगरात राहणाऱ्यांना थोडी जास्त सवड मिळते.

वाण म्हणजे नेमकं काय

ज्वारी-बाजरीत बी फुलातून येतं, त्यात दोन झाडांचा संकर होऊ शकतो. बटाट्यात आपण बटाटाच लावतो, म्हणजे झाडाचा तुकडा. त्यामुळे एका वाणाची सगळी झाडं ही एकाच मूळ झाडाच्या प्रती असतात. 'कुफरी ज्योती' हा वाण १९६८ साली प्रसारित झाला. आज कुठेही ज्योती लागली असेल तरी ती त्याच एका झाडाची, साठेक वर्षं पुढे चालत आलेली फांदी आहे. मला हे फार विलक्षण वाटतं.

बटाट्याच्या झाडाला फुलं येतात, कधी हिरवी, लहान टोमॅटोसारखी फळंही धरतात. त्यातल्या प्रत्येक बीतून वेगळंच झाड येतं. संशोधक नवे वाण त्यातूनच शोधतात. आपल्या कामाचं एवढंच की ती फळं विषारी असतात. लहान मुलं घरात असतील तर फळं तोडून टाकावीत.

नावापुढचं 'कुफरी' म्हणजे सिमल्याजवळचं एक गाव. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्याला सुरू झाली, १९५६ ला सिमल्याला गेली. कुफरीला त्या संस्थेचं केंद्र आहे, म्हणून तिच्या वाणांना हे आडनाव. यातले आपल्या परसाला कोणते जमतात, ते माझ्या पसंतीने सांगते.

पहिली पसंती 'कुफरी सूर्या'. २००६ साली आलेला हा वाण उष्णता सोसण्यासाठीच निवडला आहे. रात्र २० अंशांच्या थोडी वर राहिली तरी तो बटाटा धरतो. ७५ ते ९० दिवसांत तयार होतो, म्हणजे आपल्या हिशेबात आरामात बसतो. तुडतुड्यांनी पानांच्या कडा करपतात, तो त्रासही याला कमी. लांबट आकार, पांढरी साल, आत फिकट पिवळा गर.

दुसरा 'कुफरी लवकर', १९७२ चा. नावातच आपला मराठी शब्द आहे, कारण तो आपल्याकडच्या पठारी भागासाठी, लवकर तयार होणारा म्हणून दिला गेला. गोल, पांढरा, शिजल्यावर भुसभुशीत होणारा. बियाणं मिळालं तर सोडू नये. जुना वाण असल्याने ते शोधावं लागतं.

'कुफरी पुखराज' सगळीकडे मिळतो. पिवळसर साल, पिवळा गर, ७० ते ९० दिवस, आणि उत्पादन भरघोस. पानांवर गोल वळ्यांचे डाग पाडणारा लवकरचा करपाही याला कमी लागतो. नवख्या माणसाने पहिल्या वर्षी हा लावला तर हिरमोड होत नाही. मात्र यात पाण्याचा अंश जास्त. रस्सा आणि सुकी भाजी छान होते, वेफर्स चांगले होत नाहीत, आणि उन्हाळ्यात फार दिवस टिकतही नाही.

'कुफरी चंद्रमुखी' ८०-९० दिवसांचा, डोळे उथळ, त्यामुळे सोलताना नासाडी कमी, चव उत्तम. १९६८ चाच. करपा याला लवकर लागतो, ढगाळ दिवसांत नजर ठेवावी लागते. 'ज्योती' याच्यापेक्षा थोडा उशिराचा, ९० ते ११० दिवस. दिवाळीतच लावला तर साधतो, पाणी कमी-जास्त झालं तर मात्र तडकतो.

वाळवणासाठी 'चिप्सोना' हवाच, असा बऱ्याच जणींचा आग्रह असतो. चिप्सोना-१ आणि चिप्सोना-३ मध्ये साखर कमी आणि घट्टपणा जास्त, म्हणून वेफर्स सोनेरी निघतात, हे खरं. पण त्यांना १००-११० दिवस लागतात. दिवाळी नोव्हेंबरात आली आणि तोपर्यंत थांबलात तर ते पुरे भरत नाहीत. मी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एक सरी चिप्सोनाची घालते आणि उरलेल्या जागेत सूर्या किंवा पुखराज. लाल सालीचा 'कुफरी सिंदुरी' चवीला आणि टिकायला फार चांगला, पण ११०-१२० दिवसांचा. आपल्याकडे तो अर्ध्यावर उन्हात सापडतो. त्याच्या मोहात पडू नये.

थोडक्या जागेतही दोन वाण लावावेत असं माझं मत आहे. सगळी झाडं एकाच झाडाच्या प्रती असली की एकाला जो रोग मारतो तो सगळ्यांना मारतो. आयर्लंडमध्ये १८४५ पासून करप्याने बटाटा गेला तेव्हा तिथे गरिबांच्या शेतात बहुतेक एकच वाण होता. त्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. आपल्या परसातलं नुकसान चार किलोंचं, पण कारण तेच.

बाजारातला आलू का लावू नये

लावला तर उगवतो, हे मी बघितलंच. अडचण दोन गोष्टींची. खाण्याच्या बटाट्याला शीतगृहात मोड येऊ नयेत म्हणून औषधाची धुरी दिलेली असू शकते. मग कोंब फुटतच नाहीत किंवा मरतुकडे फुटतात. दुसरी अडचण डोळ्याला दिसत नाही. मावा ही बारीक कीड झाडाचा रस पिताना विषाणू पसरवते, आणि ते बटाट्यात उतरतात. तोच बटाटा पुन्हा लावला की विषाणूही लावला. दरवर्षी पानं अधिक आखडतात, बटाटे अधिक बारीक होतात. शेतकरी म्हणतात बियाणं थकलं. पूर्वी यासाठी हिमालयातल्या थंड, मावा नसलेल्या उंचीवरचंच बियाणं लागायचं. मग डॉ. पुष्करनाथ यांनी सपाटीवरही थंडीतले मावा नसलेले आठवडे साधून, मावा वाढायच्या आत पाला कापून निरोगी बियाणं घेण्याची पद्धत बसवली. आज पंजाबातून येणारं बियाणं त्याच पद्धतीचं.

हे प्रमाणित बियाणं ५० किलोच्या गोणीत येतं, हीच परसवाल्यांची पंचाईत. दहा-बारा घरांनी मिळून एक गोणी आणावी, किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोणीतून दोन किलो मागून घ्यावेत. घरचा बटाटा पुढच्या वर्षासाठी ठेवण्याचा नाद सोडावा. फेब्रुवारी ते ऑक्टोबर आठ महिने, त्यात आपला ४५ अंशांचा उन्हाळा. शीतगृहाशिवाय तो तग धरत नाही.

शीतगृहातून आलेलं बियाणं लगेच मातीत घालायचं नाही. सावलीत, उजेड येईल अशा जागी, पोत्यावर एक थर पसरून दहा-पंधरा दिवस ठेवायचं. अंधारात लांब, पांढरे, मोडके कोंब येतात. उजेडात आखूड, जाड, जांभळट-हिरवे. बोटाच्या पेराच्या निम्मे झाले की लावायला तयार. बटाट्याच्या एका टोकाला डोळ्यांची दाटी असते, तिथला कोंब आधी फुटतो आणि बाकीच्यांना दाबून ठेवतो. तो पहिला एकटा कोंब खुडला की इतर डोळेही जागे होतात, एका झाडाला तीन-चार खोडं मिळतात.

कोंबडीच्या अंड्याएवढा, ३०-४० ग्रॅमचा बटाटा अख्खाच लावावा. मोठा असेल तरच कापावा, प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवून. सुरी दर बटाट्यानंतर पुसून घ्यावी. कापताना आत तपकिरी वळं दिसलं आणि दाबल्यावर त्यातून पांढुरका चिकट द्रव आला तर तो 'बांगडी' रोग. ती फोड, तो बटाटा लांब फेकावा आणि सुरी उकळत्या पाण्यात धुवावी. चांगल्या फोडी दोन दिवस सावलीत ठेवल्या की कापलेल्या भागावर खपली धरते. आपल्या उबदार मातीत ओली फोड हमखास सडते.

माती, पाणी आणि भर

आपली काळी माती कापसाला सोन्यासारखी, बटाट्याला मात्र अवघड. ओली असताना ती चिकटते, हवा जाऊ देत नाही. वाळली की भेगाळते. हवा न मिळालेल्या बटाट्याचा गाभा काळा पडतो. म्हणून निम्मी काळी माती, निम्म्यात चांगलं कुजलेलं शेणखत आणि मुरमाड किंवा पोयट्याची माती. ओलं शेण कधीच घालू नये, हुमणीला आमंत्रण होतं. आणि आदल्या हंगामात जिथे वांगी, मिरची किंवा टोमॅटो होते ती जागा टाळावी. भरताचं वांगं आणि आलू एकाच कुळातले, रोगही वाटून घेतात.

जागेचा अंदाज असा. दहा फूट बाय चार फुटांच्या वाफ्यात दोन फुटांवर दोन सऱ्या काढल्या आणि वीतभर अंतराने बियाणं ठेवलं तर तीसेक झाडं बसतात. त्याला किलो-सव्वा किलो बियाणं पुरतं. झाडामागे ३००-४०० ग्रॅम निघाले की मी समाधानी असते, म्हणजे वाफ्याला दहा किलोंच्या आसपास. गच्चीवर लावायचं तर बारदानाचं पोतं किंवा पांढरी गोणी घ्यावी, एका पोत्यात दोनच बटाटे. काळ्या ग्रो-बॅग उन्हात तापतात आणि आपली सगळी थंड रात्रीची कमाई दुपारी घालवतात. पोत्यात माती चढवत नेली की थरावर थर बटाटे धरतात, असं दाखवणारे व्हिडिओ आहेत. आपल्या लवकर येणाऱ्या वाणांत तसं होत नाही. ते बियाण्याच्या वरच्या चार-सहा बोटांतच धरतात.

बियाणं चार बोटं खोल, कोंब वर. महिन्याभराने झाड वीतभर झालं की बुडाशी माती ओढून भर द्यावी. आलू लावणाऱ्याने एकच काम मन लावून करायचं असेल तर ते हे. उघडा पडलेला बटाटा उजेडाने हिरवा होतो, आणि हिरवेपणाबरोबर त्यात सोलॅनिन हे विष वाढतं. शिजवून ते जात नाही. थोडा हिरवा असेल तर खोल तासून काढावा, बराच हिरवा किंवा कडू असेल तर फेकावा. दुसरा धोका पाकोळीचा. काळ्या मातीच्या भेगेतून हे राखाडी, बारीक पतंग आत शिरून बटाट्याच्या डोळ्यांजवळ अंडी घालतात, अळी आत बोगदा करते. ही कीड १९०६ साली इटलीहून मुंबई इलाख्यात आलेल्या बियाण्याबरोबर भारतात शिरली आणि इथलीच झाली. तिच्यावर घरगुती उपाय एकच, भेग पडू न देणे. भर दिल्यावर मी वरून केळीची वाळलेली पानं अंथरते. रावेर-यावलकडून केळीचा पाला हवा तेवढा मिळतो. माती गार राहते, भेगाही पडत नाहीत.

पाणी थोडं आणि नियमित. आठ दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर दिलं की बटाटा तडकतो किंवा आतून पोकळ होतो. ठिबक असेल तर उत्तम. संक्रांतीच्या सुमारास ढगाळ, दमट दिवस आले तर पानं उलटून बघावीत. पाण्याने भिजल्यासारखे काळे चट्टे आणि खालून पांढरी बुरशी दिसली तर तो उशिराचा करपा. ती झाडं लगेच काढून टाकावीत, वाट बघू नये.

खालची पानं पिवळी पडली की पाणी बंद करायचं. आठ-दहा दिवसांनी पाला जमिनीलगत कापायचा आणि आणखी दहा दिवस बटाटे मातीतच राहू द्यायचे. मग एक काढून अंगठ्याने साल घासायची. साल सुटली तर अजून कच्चा. घट्ट राहिली तर काढणी. सकाळी लवकर काढावेत, उन्हात पडू देऊ नयेत, धुऊ नयेत. घरात सर्वांत गार कोपऱ्यात पसरून वर टणटणीचा वाळवलेला पाला दोन बोटं अंथरला की पाकोळी फिरकत नाही. कांद्यांशेजारी ठेवू नयेत.

आणि मग वाळवण. मार्चचं ऊन लागायच्या वेळीच घरचे आलू हाताशी येतात, ही खानदेशातली सगळ्यात मोठी सोय. शीतगृहातला बटाटा २-४ अंशांत राहिल्याने त्यातल्या स्टार्चची साखर होते, तळताना ती साखर करपते आणि वेफर्स तपकिरी, कडवट निघतात. घरचा ताजा बटाटा कधी शीतगृहात गेलेलाच नसतो. तरी मण-दोन मण किसायला घेण्याआधी प्रत्येक वाणाचा एकेक बटाटा घ्यावा, मधोमध पातळ चकती काढावी, पाण्यातून काढून पुसावी आणि कढईत सोडावी. पिवळी राहिली तर तो ढीग खाटेवर वाळायला. कडेने तांबूस झाली तर तो ढीग दोन-तीन आठवडे घरातच अंधारात पसरून ठेवून पुन्हा तळून बघावा, बरीचशी साखर उतरलेली असते. तेव्हाही तांबूसच आली तर भाजीला.